मासा मेला? आधी पाणी तपासा!

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा. वर्षावास सुरू होता. आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालत असे आणि आठवड्यातून दोन दिवस वाचनाची पाळी माझ्याकडे होती. ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन, घोटभर चहा घेऊन मी विहारात जाई. त्याच दिवसांत आमच्या घरी दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. माझ्या आईला कावीळ झाली आणि मुलीच्या फिशटँकमधले मासे मरू लागले.

मुलगी तेव्हा सहावीत होती. चांगले गुण मिळाल्यावर टँक घेऊन देईन, असे मी तिला कबूल केले होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी, खाली रंगीत खडी, एक एअर पंप, स्पंजचा फिल्टर आणि सहा गोल्डफिश. दोन खोल्यांच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी ती पेटी ठेवली, तेव्हा शेजारची मुले दारात गर्दी करून उभी राहिली होती.

एका रविवारी मी टँक साफ करायला घेतला. सगळे पाणी काढून टाकले. खडी कपड्याच्या पावडरीने घासली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरले आणि मासे परत सोडले. टँक असा लखलखीत दिसू लागला की मीच माझ्यावर खूश झालो. सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर दोन मासे पोट वर करून तरंगत होते आणि मुलगी टँकसमोर बसून रडत होती.

शेजारच्या मावशी आल्या. बाई मायेची. आईच्या आजारपणात दोन वेळा भाताची पेज त्यांनीच करून आणली होती. त्या मुलीला जवळ घेऊन म्हणाल्या, “अगं, रडतेस कशाला? घरावरचं संकट मुक्या जिवानं आपल्या अंगावर घेतलं. बघ, आता तुझी आजी बरी होते की नाही!” मुलगी गप्प झाली. आम्हीही काही बोललो नाही. रडणे थांबले, एवढेच आम्ही पाहिले.

मुलीचा चेहरा उतरलेला पाहून मी मंगळवारी दोन नवे मासे आणले आणि पिशवीतल्या पाण्यासकट टँकमध्ये ओतले. बुधवारी जुन्यांपैकी आणखी एक मेला. योगायोगाने त्याच दिवशी आईने पहिल्यांदा थोडा भात खाल्ला. पुढच्या आठवड्यात माझी नजर एका माशावर गेली. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके, आणि तो खडीवर अंग घासत होता. मी मुलीला विचारले, “हा कधीपासून असा आहे गं?” ती खाली मान घालून म्हणाली, “चार दिवस झाले, पप्पा. मी मुद्दामच नाही सांगितलं. हा मेला की आजी पूर्ण बरी होईल ना?”

वाचकहो, माझ्या पोटात धस्स झाले. ज्या माशांना ती नावे ठेवून हाका मारायची, त्यांच्यातला एक तिने मरणाला वाहून टाकला होता, आणि तोही आजीवरच्या प्रेमापोटी. चूक तिची नव्हती. प्रत्येक घटनेमागे कारण असते आणि ते कारण एकतर निसर्गाच्या नियमात किंवा माणसाच्या कृतीत सापडते, ही बाबासाहेबांनी त्या ग्रंथात मांडलेली शिकवण मी विहारात मोठ्याने वाचत होतो, आणि माझ्याच घरात माझी मुलगी माशाच्या बदल्यात आजीचे आयुष्य मागत होती.

दोघांचा एकच प्रश्न

आईला तपासताना डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले होते, “पाणी कुठलं पिता? उकळून पिता का?” त्या महिन्यात आमच्या गल्लीत काविळीचे पाच-सहा रोगी निघाले होते. गटाराजवळून गेलेला पाइप फुटून नळाच्या पाण्यात घाण मिसळत होती. काविळीचे ‘ए’ आणि ‘ई’ हे दोन विषाणू अशाच दूषित पाण्यातून पोटात जातात आणि काही आठवड्यांनी त्यांचा परिणाम दिसतो. साथ लक्षात आल्यावर नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवले गेले. पाण्याला औषधाचा उग्र वास येऊ लागला, तो आम्हा सर्वांना आला होता.

दुसऱ्या दिवशी मी ठिपकेवाला मासा बाटलीत घेऊन एका जुन्या मासे विक्रेत्याकडे गेलो. त्याने माशाकडे नंतर पाहिले. आधी विचारले, “साहेब, पाणी कोणतं टाकलंत?” डॉक्टरांचाच प्रश्न! मी रविवारची सगळी हकीकत सांगितली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “अहो, तुम्ही टँक नाही धुतला, माशांचं घर मोडलंत.”

आता हिशेब जुळला. आई आणि मासे यांचा संबंध होता, पण मावशी म्हणाल्या तसा नव्हता. पाइप फुटला म्हणून आईला कावीळ झाली. साथ आली म्हणून क्लोरीन वाढले. ते पाणी मी जसेच्या तसे टँकमध्ये भरले म्हणून मासे मेले. धागा एकच, तो पाण्याचा. माशाने आईचे दुखणे घेतले नव्हते. माझ्या अज्ञानाने त्याचा जीव घेतला होता.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे. ही चार सत्ये आपण लहानपणापासून ऐकतो. फिशटँकच्या बाबतीत ती कशी वापरायची, ते त्या पावसाळ्यात मी चुका करून शिकलो. तुमच्या घरी टँक असेल किंवा मुले हट्ट धरत असतील, तर माझ्या चुका तुम्हाला करायला नकोत म्हणून हे सविस्तर लिहितो.

क्लोरीन : आपला मित्र, माशांचा शत्रू

क्लोरीनला नावे ठेवू नका. त्याच्यामुळेच पटकी, विषमज्वर, कावीळ आटोक्यात राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा निदान ०.५ मिलिग्रॅम. आपल्याला एवढ्याने काही होत नाही. माशाचे मात्र कल्ले सतत पाण्यात उघडे असतात. क्लोरीनने कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजते आणि भोवती पाणी असून मासा गुदमरतो.

उपाय सोपा आहे. नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा. एअर पंपाची नळी त्यात सोडली तर क्लोरीन आणखी लवकर उडून जाते. घाई असेल तर दुकानात ‘अँटिक्लोरीन’ नावाने खडे मिळतात. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत तेच. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच टाका. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसते ठेवून उडत नाही, तिथे औषधच लागते. बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून तेही एक दिवस हवा देऊनच वापरावे.

टँकचा जमाखर्च

मी कारकून माणूस. मला टँक समजला तो जमाखर्चाच्या वहीतून.

आधी टँकमध्ये पाणी किती, ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा, म्हणजे लिटर मिळतात. आमचा टँक ६० × ३० आणि पाणी २६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४७ लिटर. खडीची जागा वजा केली की ४२ लिटर धरायला हरकत नाही. औषध असो की मीठ, हा आकडा माहीत नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

आता टँकमध्ये रोज काय जमा होते ते पाहा. मासा खातो, त्याची घाण पाण्यात पडते आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाणे कुजून आणखी अमोनिया होतो. संडास-मुतारीजवळ नाकाला झोंबतो तोच हा अमोनिया. नदीत तो वाहून जातो, टँकमध्ये साठतो. पाणी स्वच्छ, पारदर्शक दिसते, म्हणून आपण फसतो. अमोनियाला रंग नाही.

हा जमा झालेला अमोनिया खर्ची कोण टाकते? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशाला विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ कमी घातक असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करून राहतात. स्पंजवर जी तपकिरी चिकट घाण म्हणून आपण धुऊन टाकतो, तीच टँकची सफाई खाती असते. मी पावडर आणि क्लोरीनचे पाणी घालून ही सारी वस्ती एका सकाळीत उठवली होती. मग घाण जमा होत राहिली आणि ती उचलणारे कोणी उरले नाही. आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. सफाई करणारे हात दिसत नाहीत म्हणून त्यांची किंमत कळत नाही, आणि ते एक दिवस नसले की सगळ्या गावाचा जीव घुसमटतो.

नव्या टँकमध्ये ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी सहा मासे सोडणे ही माझी पहिली चूक होती. सुरुवातीला एक-दोन लहान मासेच सोडावेत आणि खाणे चिमूटभर द्यावे. ओळखीच्या कोणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा ओला ठेवूनच आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये घालावा. विरजण लावल्यासारखे काम होते.

आजारी मासा कसा ओळखावा?

एक साधा नियम लक्षात ठेवा. सगळे मासे एकाच वेळी अस्वस्थ दिसले तर दोष जवळजवळ नेहमी पाण्याचा असतो. एकच मासा अस्वस्थ दिसला तर त्याला रोग असू शकतो, पण तेव्हाही आधी पाणीच तपासावे. खराब पाण्यात माशाची ताकद घटते आणि मग रोग जडतो.

सगळे मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील तर प्राणवायू कमी आहे, किंवा अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन यांपैकी काहीतरी कल्ल्यांना बाधत आहे. उन्हाळ्यात हे जास्त होते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. पाणी तापले की हवा कमी आणि माशाची गरज मात्र जास्त. वीज गेली आणि पंप बंद पडला तर मगमध्ये टँकचेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टँकमध्ये ओतत राहावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच वेळा एवढे केले तरी मासे तग धरतात. वीज येईपर्यंत खाणे मात्र टाकू नये.

कल्ले लाल, सुजलेले दिसले तर अमोनियाचा संशय घ्यावा. ते तपकिरी दिसले तर नायट्राइटचा. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजण्याचे किट मोठ्या दुकानांत मिळते. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. एका घराला महाग वाटत असेल तर चाळीतल्या चार टँकवाल्यांनी मिळून एक घ्यावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवे. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असावे. अमोनिया किंवा नायट्राइट दिसले तर घाबरून औषध ओतू नका. क्लोरीन काढलेल्या पाण्याने रोज तिसरा हिस्सा पाणी बदला आणि दोन दिवस खाणे बंद ठेवा. निरोगी मासा दोन दिवस उपाशी राहून मरत नाही, खराब पाण्यात मरतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

आमच्या माशाला झालेला हा रोग घरोघरी दिसतो. एक सूक्ष्म परजीवी माशाच्या त्वचेत शिरतो आणि तिथे वाढतो, तो ठिपका. पोट भरले की तो गळून खडीत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यात त्याची शेकडो पिल्ले तयार होतात. ती पाण्यात सुटून नवा मासा शोधतात. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असेल तर हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. मी मंगळवारी आणलेल्या माशांबरोबर, त्या पिशवीतल्या पाण्यातूनच हा पाहुणा घरात आला असणार.

यातली खुबी अशी की, त्वचेत दडलेल्या किंवा कवचात बसलेल्या परजीवीला औषध लागू पडत नाही. तो पाण्यात पोहत असतो तेव्हाच मरतो. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले की लोक उपचार थांबवतात आणि आठवड्याने रोग दुप्पट होऊन येतो. ठिपके दिसेनासे झाल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावा.

आम्ही मिठाचा उपचार केला. खडे मीठ किराणा दुकानात तोलून घेतले. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम म्हणजे ४२ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा. मीठ वेगळ्या तांब्यात पूर्ण विरघळवून हळूहळू ओतायचे, माशावर खडे टाकायचे नाहीत. मीठ हवेत उडून जात नाही. म्हणून पुढे जेवढे पाणी काढाल तेवढ्याच पाण्यापुरते मीठ नव्याने घाला, नाहीतर खारटपणा चढत जाईल. गोल्डफिश आणि गप्पी हे सोसतात. तळाशी राहणारे काही मांजरमासे आणि पाणवनस्पती सोसत नाहीत. ते असतील तर आजारी मासा वेगळ्या टबात घेऊन उपचार करावा. रोज खडीत नळी फिरवून तळाचे पाणी काढले की कवचातली पिल्लेही बरीच बाहेर जातात. रोग जास्त असेल तर मॅलॅकाइट ग्रीनसारखी औषधे मिळतात, पण ती विषारी आहेत. मापानेच, आणि मुलांच्या हाताला लागू न देता वापरावीत.

एक सावधगिरी. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या दिवसांत बारीक पांढरे दाणे येतात. ते ओळीने आणि तेवढ्याच जागी असतात, आणि मासा खुशीत असतो. तो रोग नव्हे.

इतर दुखणी थोडक्यात

शेपटी आणि पर कडेने झिजून फाटल्यासारखे झाले तर ती परकुज. घाणेरड्या पाण्यात जिवाणूंमुळे होते. पाणी सुधारले की सुरुवातीची परकुज पुष्कळदा आपोआप थांबते आणि पर पुन्हा वाढतात. जखमेवर कापसासारखा पुंजका दिसला तर बुरशी. मासा वेगळा काढून मिठाच्या पाण्यात ठेवावा. पोट फुगून खवले उभे राहिले आणि मासा काटेरी दिसू लागला तर शरीरात पाणी भरले आहे. यातून मासा क्वचितच वाचतो. आपण करायचे ते केले, एवढे समाधान ठेवावे. गोल्डफिश खाल्ल्यावर उलटा तरंगत असेल तर दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला हिरवा वाटाणा चिमटीने कुस्करून द्यावा. बऱ्याचदा पोट साफ होऊन तो सरळ होतो.

दुकानात कोणत्याही दुखण्याला ‘निळे औषध’ देण्याची पद्धत आहे. ते मेथिलिन ब्ल्यू. वेगळ्या टबात बुरशीवर त्याचा उपयोग होतो. मुख्य टँकमध्ये ओतले तर फिल्टरमधली ती सफाई खातीच मारली जाते आणि अमोनिया पुन्हा वाढतो. घरातल्या टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल फोडून टाकणारेही पाहिले. तसे मुळीच करू नये. त्यानेही उपयोगी जिवाणू मरतात, आणि अँटिबायोटिक अशी जिथेतिथे वापरली की औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. पुढे ते माणसांवरच उलटतात.

रोजचे आणि आठवड्याचे काम

आता आमच्या घरी हे ठरून गेले आहे. दिवसातून एकदा खाणे, दोन मिनिटांत संपेल तेवढेच. आठवड्यातून एक दिवस उपास. पाव, बिस्कीट, भात बंद. शनिवारी बादलीत पाणी भरून ठेवायचे. रविवारी नळीने तळाची घाण ओढत चौथा हिस्सा पाणी काढायचे, आमच्या टँकपुरते सांगायचे तर दहा-अकरा लिटर. मग शनिवारचे पाणी हळू घालायचे. सगळे पाणी कधीच काढायचे नाही. स्पंज महिन्यातून एकदा धुवायचा, तोही टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. साबण, पावडर, फिनेल टँकच्या जवळपाससुद्धा आणायचे नाही. नळी तोंडाने ओढायची नाही. ती पाण्यात बुडवून भरायची आणि मग एक टोक बादलीत सोडायचे. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालायचा नाही, कारण त्या पाण्यातले काही जंतू त्वचेला चिवट फोड आणतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून पाहावा. तो निरोगी निघाला तरच टँकमध्ये सोडावा. दुकानातून आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचे तापमान सारखे होते. मग मासा जाळीने काढून घ्यावा आणि पिशवीतले पाणी मोरीत टाकावे.

आणि मासे किती? गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नीट जपला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. आमच्याएवढ्या टँकमध्ये लहान असताना दोनच ठेवावेत आणि पुढे मोठा टँक द्यावा लागेल हे आधीच ओळखावे. जागा कमी असेल तर गप्पी बरे. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरी-टाक्यांत सोडतात तेच. आठ-दहा नर सुखाने राहतात. माद्या घेतल्या तर महिन्या-महिन्याला पिल्ले होतील. काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवणे म्हणजे माणसाला मोरीत राहायला लावणे आहे. ती शोभा नव्हे.

टँक सांभाळणे झेपेना म्हणून मासे तळ्यात किंवा नदीत सोडणे यातही पुण्य नाही. परदेशी मासे तिथल्या मूळ माशांचे अन्न आणि जागा बळकावतात. टँकमधला काच चाटणारा सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरला आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांना आणि पोटाला त्याचा ताप होऊन बसला. न झेपल्यास मासे दुकानात परत द्यावेत किंवा टँकवाल्या ओळखीच्या घरी द्यावेत. मेलेला मासाही गटारात न टाकता कुंडीत किंवा मातीत पुरावा.

आपण पंचशील घेतो. पहिले शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचे. पेटीत कोंडलेला जीव स्वतः पाणी बदलू शकत नाही, दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्याला घरी आणले की त्याच्या पाण्याची जबाबदारी आपली. ती घ्यायची तयारी नसेल तर मुलाचा हट्ट मोडलेला बरा.

मुलीची वही

त्या संध्याकाळी मी मुलीला समोर बसवले आणि फुटलेला पाइप, क्लोरीन, आजी, मासे, सगळे कागदावर बाण काढून दाखवले. “तुला रडायचं थांबवायला मावशी बोलल्या. त्यांचं मन चांगलं होतं, पण कारण खोटं होतं. मासे मेले ते माझ्या चुकीनं,” असे मी तिला स्पष्ट सांगितले. बापाने मुलीसमोर चूक कबूल करायची म्हणजे जड जाते, पण ते केल्यावाचून तिच्या मनातले ओझे उतरले नसते. तिने विचारले, “म्हणजे हा मासा वाचला तरी आजी बरी होणार?” मी म्हटले, “दोघंही बरे होऊ शकतात. दोघांचं पाणी सुधारू या.”

मग घरात दोन कामे सुरू झाली. आजीसाठी पाणी उकळून गार करायचे आणि माशांसाठी बादलीत ठेवायचे. मुलीने वही घातली. तारीख, पाणी किती बदलले, मीठ किती, ठिपके किती. अकराव्या दिवशी तिने ‘ठिपके शून्य’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या. आईला पुरते बरे व्हायला दीड महिना लागला. विश्रांती, हलका आहार आणि डॉक्टरांचा सल्ला यांनी ती बरी झाली. हात धुऊन कावीळ उतरवून घ्यायला आम्ही तिला कुठेही नेले नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन आम्ही पाइपसाठी अर्ज केला, दोनदा हेलपाटे घातले आणि पाइप बदलून घेतला.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी मुलगी नळाचे पाणी ओंजळीत घेऊन वास घेत होती. म्हणाली, “पप्पा, आज क्लोरीन जास्त आहे. टँकमध्ये नको टाकायला.” मग थोडा विचार करून म्हणाली, “पण क्लोरीन वाढवलंय म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय. मी मावशींना सांगून येते, पाणी उकळून प्या म्हणून.” ती गेलीही. दुपारी मावशी आमच्या दारात आल्या आणि विचारू लागल्या, “पोरी, किती वेळ उकळायचं गं?”

आई कॉटवर बसून टँककडे पाहत होती. तो ठिपकेवाला मासा आता वीतभर झाला आहे. त्याच्यासाठी मोठ्या टँकचे पैसे आम्ही दर महिन्याला बाजूला टाकतो आहोत.